जाळी झाडाला नको, पिशवी फळाला

प्रश्न : खारघरला गच्चीवर मोठ्या ड्रममधला पेरू चांगला लागलाय. पण रात्री वटवाघळं येतात, दिवसा पोपट, बुलबुल आणि खारी. झाडावर नायलॉनची जाळी टाकली, तर तिच्यात एक बुलबुल अडकला. वाचलेल्या फळांतही अळ्या निघतात. काय करावं? – एक वाचक, खारघर

ती जाळी आजच काढा. बारीक धाग्याची, ढिली सोडलेली जाळी पाखराला दिसत नाही. पंख एकदा अडकला की ते जितकं धडपडतं तितके फास आवळत जातात. वटवाघूळ आणि साप यांचंही तसंच होतं. जाळी लावायचीच असेल, तर जिच्यात करंगळीचं टोकही शिरणार नाही अशी, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा बारीक विणीची, पांढरी घ्या. ती चौकटीवर ताणून बसवा आणि खाली सैल कडा सोडू नका. पण खारघरच्या वाऱ्यात गच्चीवर अशी चौकट टिकवणं कठीण. त्यापेक्षा झाड मोकळं ठेवा आणि फळं एकेक करून झाका.

फळ लिंबाएवढं झालं की पिशवी चढवायची. उशीर केलात तर फळमाशी आधीच साल टोचून आत अंडी घालून गेलेली असते आणि पिशवीत अळ्याच राखल्या जातात. ड्रममधल्या तरुण झाडावर आठ-दहा फळं ठेवून बाकीची खुडा. पिशवी घालण्याआधी देठाशी पांढरा कापूस दिसतो का ते बघा. तो पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि तेवढाच पातळ साबण घालून फवारा, फळ पूर्ण वाळू द्या, मगच झाका. हे टाळलं तर पिशवीच्या आडोशाला पिठ्या जोमाने वाढतो आणि मुंग्या त्याची राखण करतात.

पिशवी मलमलीची किंवा नॉन-वोव्हन कापडाची, साधारण आठ बाय दहा इंचांची पुरते. दोरी फळाच्या देठाला न बांधता मागच्या फांदीला बांधा. पावसात भिजलेल्या पिशवीचं वजन देठावर आलं की कच्चं फळ गळून पडतं. वर्तमानपत्राची पिशवी आपल्याकडच्या पावसात टिकत नाही. साध्या प्लॅस्टिकमध्ये घाम साचून फळ कुजतं.

खार मात्र कापड कुरतडते. तिच्यासाठी अर्ध्या इंचाच्या तारेच्या जाळीचा, फळाभोवती चार बोटं मोकळी राहतील असा पिंजरा वळा आणि तारेची टोकं बाहेरच्या बाजूला दुमडा. सगळ्या फळांना पिंजरा लागत नाही. खारी ज्या फांदीवरून येतात, तिच्यावरच्या फळांना पुरे.

वटवाघळं पिकल्या वासावर येतात, म्हणून पेरू झाडावर पिवळा होऊ देऊ नका. गडद हिरवा रंग फिका पडला की काढा आणि कागदी पिशवीत एका केळ्याबरोबर ठेवा. दोन-तीन दिवसांत पिकतो. उष्टं फळ कापूनसुद्धा खाऊ नका, टाकून द्या.

फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढून घेणाऱ्या वासाच्या द्रव्याचा, सापळा लावा. कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ याच तत्त्वाचा आहे. पण त्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे पिशव्या लागतातच. गळलेली फळं रोज उचला. अळी फळातून मातीत उतरून कोष करते, म्हणून ती फळं कुंडीत पुरू नका. जाड काळ्या पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवा.

पुन्हा पाखरू अडकलंच तर ओढू नका. त्याच्यावर हलकं कापड टाका, कात्रीने धागे कापा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका.

प्रश्न : ठाण्यात, वर्तकनगरला, बाल्कनीतल्या कढीपत्त्याची पानं अळ्यांनी फस्त केली. औषध कोणतं मारू? – एक वाचक, ठाणे

कोणतंही नको. लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवी होणारी ही अळी बहुधा कॉमन मॉर्मॉन फुलपाखराची. डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि उग्र वास सोडते, पण तिचा आपल्याला काही अपाय नाही. कोषात जाण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत ती सर्वाधिक खाते, म्हणून रोप एकाएकी बोडकं दिसतं.

चौदा इंची कुंडीतलं भरलेलं झाड दोन-तीन अळ्या सहज सोसतं आणि पुन्हा फुटतं. वीतभर रोप मात्र सोसत नाही. त्यावरच्या अळ्या मोठ्या झाडावर हलवा. बोटाने उचलू नका, पानासकट कापून नव्या पानाला टेकवा. अळी एकाच जागी निश्चल बसली असेल तर ती कात टाकत असते, एक दिवस थांबा. दोन-तीन जादा रोपं खास त्यांच्यासाठी वाढवली तर उत्तम. फोडणीची पानं मात्र आधी खुडून घ्या आणि फवारलेलं रोप बाजारातून आणू नका.

प्रश्न : घोडबंदर रोडला पातलीपाड्यात माकडं बाल्कनीत येऊन टोमॅटोच्या कुंड्या उलथवतात. फटाके लावावेत का? – एक वाचक, ठाणे

नको. फटाक्यांना ती चार दिवसांत सरावतात. ती येतात ती खाण्यासाठी, आणि सोसायटीत कुणी बिस्किटं देत असेल तर तुमचं कुंपण कितीही भक्कम असलं तरी ती येत राहणार. आधी तो प्रश्न मीटिंगमध्ये काढा. टोमॅटो, मिरची, शेंगा दीड इंची वेल्डमेशच्या, म्हणजे जाड तारेच्या जाळीच्या, आत ठेवा. बाहेर गवती चहा, पानओवा, हळद, आलं लावा. उग्र वासाच्या पानांच्या वाट्याला माकडं सहसा जात नाहीत. कुंड्या तारेने कठड्याला बांधा. समोर आलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.

प्रश्न : येऊरला घरामागे कंपोस्टचा खड्डा आहे. बिबट्याची भीती वाटते. – एक वाचक, येऊर

खड्ड्यात मासळीचे काटे, कोंबडीची हाडं टाकू नका. त्यांच्यावर उंदीर आणि भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. खड्ड्याऐवजी घट्ट झाकणाचा डबा वापरा आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला घाला. चिकू, पेरूचा सडा संध्याकाळच्या आत उचला. पाळलेला कुत्रा रात्री अंगणात बांधू नका, आत घ्या. पिंजरा लावण्याचा आग्रह धरू नका. एक बिबट्या हलवला की त्याच्या हद्दीत दुसरा येतो आणि तुमचा उकिरडा तिथेच असतो.