‘मॅजिक सिस्टिम’ला मराठीत काय म्हणावे?

नागपुरातील एक तरुण लेखिका मराठीत अद्भुत कादंबरी लिहीत आहेत. तिच्यातल्या काल्पनिक जगात जादू कुठून येते, ती कोणाला साधते आणि तिची किंमत काय, याचे नियम त्यांनी आधीच बांधले आहेत. या नियमांच्या जुळणीला इंग्रजीत ‘मॅजिक सिस्टिम’ म्हणतात. तिला मराठीत ‘जादूप्रणाली’ म्हणावे की ‘मायाशास्त्र’, आणि पात्रांच्या तोंडी नुसता ‘जादू’ शब्द चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. ‘प्रणाली’ या शब्दाला आज संगणकाचा आणि सरकारी परिपत्रकाचा वास येतो. कादंबरीविषयी बोलताना ‘जादूची व्यवस्था’ किंवा, मला अधिक आवडणारे, ‘जादूची घडी’ म्हणावे. कारभाराची घडी बसते, संसाराची घडी विस्कटते, तशी जादूचीही घडी बसवता येते आणि कथेच्या ओघात विस्कटवताही येते.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत जादूसाठी जितके शब्द आहेत, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात एखादा नियम आधीच दडलेला आहे. म्हणून शब्द नियमाकडे पाहून निवडावा. चुकीचा शब्द घेतला तर वाचकाच्या मनात न सांगितलेला नियम आपोआप उभा राहतो.

‘जादू’ फारसीतून आला. ऋग्वेदातल्या ‘यातुधान’मधला ‘यातु’ आणि हा ‘जादू’ एकाच जुन्या भारत-इराणी मुळाचे आहेत, म्हणजे परका वाटणारा शब्द नात्यातलाच निघतो. मात्र आज तो रंगमंचावरच्या हातचलाखीपासून ‘तिच्या आवाजात जादू आहे’पर्यंत इतका सैल झाला आहे, की त्यातून कोणताच नियम कळत नाही. ‘किमया’ अरबीतून फारसीमार्गे आली आणि तिचा मूळ अर्थ हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या. तुमच्या जगात पदार्थ बदलत असतील, भट्टी, पारा आणि मोजमाप असेल, तर हाच शब्द घ्यावा. नागपूरजवळच्या रामटेकच्या परिसरात रसविद्येच्या, म्हणजे पाऱ्याच्या किमयेच्या, नागार्जुनाची आठवण लोकपरंपरेने जपली आहे आणि रसशास्त्रात पाऱ्यावरचे अठरा संस्कार सांगितले आहेत. नागपूरच्या लेखिकेला हे भांडार दाराशीच आहे.

‘माया’ या शब्दावर मला थोडे रेंगाळायचे आहे. वेदांमध्ये ती देवांची घडवण्याची शक्ती आहे, वेदान्त दर्शनात भ्रम आहे, ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ती पार करायला अवघड अशी नदी होते, आणि घरात ती आईची असते. मागच्या महिन्यात नागपूरच्या इतवारीत भाचीचे परकर-पोलके शिवायला टाकले, तेव्हा शिंप्याने मापे घेता घेता विचारले, “माया किती ठेवू जी? पोरगी वाढीची आहे.” शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड म्हणजे माया. ती बाहेरून दिसत नाही, पण अंग वाढले की शिवण उसवून तीच कामी येते, आणि एकदा सोडली की संपते. प्रत्येकाजवळ जन्मतः ठरावीक, न दिसणारा साठा असलेली जादू तुम्हाला हवी असेल, तर ‘माया’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. तिच्यामागे ‘शास्त्र’ जोडण्याची गरज नाही. शिंपी जोडत नाही.

‘सिद्धी’ कष्टाची असते. पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाचे पहिलेच सूत्र सिद्धींचे पाच उगम सांगते: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. तिसऱ्या पादात त्याच सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटले आहे. उगम आणि धोका दोन्ही सांगितले, म्हणजे निम्मी घडी तिथेच बसली. ‘विद्या’ मात्र गुरूकडून मिळते आणि शापाने अडते. महाभारतात देवयानीच्या शापामुळे संजीवनी विद्या कचाला स्वतःला फळत नाही, पण तो ज्याला शिकवील त्याला फळते. इतका सुरेख आणि क्रूर नियम मी क्वचितच वाचला आहे. तुमच्या कादंबरीत गुरुकुल असल्याने मी ‘विद्या’लाच कौल देईन.

‘करणी’, ‘मूठ’ आणि ‘चेटूक’ हे शब्द जपून वापरावेत. त्यांच्यापायी खऱ्या बायकांना गावांनी छळले आहे, आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा विधिमंडळाने डिसेंबर 2013 मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात मंजूर केला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात या प्रथांचे ‘समूळ उच्चाटन’ करण्याची भाषा आहे. गंमत अशी, की ‘उच्चाटन’ हे मुळात तंत्रविद्येतल्या षट्कर्मांपैकी, म्हणजे सहा जादुई कर्मांपैकी, एक, माणसाला त्याच्या जागेवरून उठवून लावणारे कर्म.

नामांपेक्षाही क्रियापदे मोलाची असतात. ताईत, दोरा, पाणी हे सारे ‘भारले’ जाते. ‘मंत्रित करणे’ला ती धार नाही. भारलेले उतरते. ‘मंत्र तुटला’ हा इंग्रजीचा शब्दशः अनुवाद आहे. आपल्याकडे विष, भूल आणि नजर उतरते, आणि उतरवायला जे वापरतात तो ‘उतारा’. तो तिठ्यावर ठेवला जातो आणि लहानपणी आपल्या सगळ्यांना तो ओलांडू नको म्हणून बजावलेले असते, कारण उतरलेले नाहीसे होत नाही, ओलांडणाऱ्याला लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, तेव्हा महाल भागातल्या गर्दीतून हीच समजूत ओरडून सांगितली जाते: “इडा, पीडा घेऊन जा गे मारबत!” पीडा मेली असे कोणी म्हणत नाही, ती कोणीतरी घेऊन जावी लागते.

तेव्हा जादूची किंमत दाखवायला ‘मोबदला’, ‘ऊर्जाव्यय’ असे शब्द घडवत बसू नये. तुमच्या नायिकेने शिपायाचा ज्वर उतरवला, तर पुढच्या वाक्यात तो कोणावर उतरला एवढेच लिहावे.