कोड ‘कॉन्फिगर’ करणे: संरचना की बेतणे?

प्रश्न असा आहे: सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) उतरवून घेतला की कंपाइल करण्याआधी, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणण्याआधी, तो ‘कॉन्फिगर’ करावा लागतो. या क्रियेला मराठीत ‘संरचना करणे’ म्हटलं तर चालेल का?

मला नाही चालणार. संरचना म्हणजे वस्तूची अंगची बांधणी, आणि स्ट्रक्चरसाठी तो शब्द आधीच रुळला आहे. ‘कोडची संरचना केली’ असं वाचलं की कोणीतरी कोडच नव्याने रचला असं वाटतं. प्रत्यक्षात या पायरीवर मूळ कोडातलं अक्षरही हलत नाही.

मग घडतं काय? ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवली की पडद्यावर ओळींमागून ओळी धावतात: सी कंपाइलर आहे का, तो चालतो का, अमुक हेडर (फंक्शनांची ओळख देणारी फाइल) सापडतं का, तमुक फंक्शन आहे का. ती नुसती विचारून थांबत नाही. चिमुकले प्रोग्राम लिहिते, तिथल्या तिथे कंपाइल करून बघते आणि निकाल ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये नोंदवते. शेवटी साच्यावरून त्या मशीनपुरती मेकफाइल (‘मेक’ या प्रोग्रामला कंपाइल कसं करायचं ते सांगणारी फाइल) तयार होते, बहुधा काय सापडलं त्याच्या नोंदींची ‘कॉन्फिग.एच’सुद्धा. हा खटाटोप करावा लागला, कारण सनओएस, एचपी-यूएक्स, एआयएक्स ही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची भावंडं असूनही प्रत्येकाची ठेवण वेगळी होती. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची बरीच साधनं सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ (‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करून देणारं साधन) लिहायला घेतलं ते याचमुळे.

म्हणजे आधी माप, मग त्या मापाने तयारी. यासाठी मराठीत अस्सल क्रियापद आहे: बेतणे. शिंपी अंगाचं माप घेतो, कापडावर खडूने खुणा करतो, कापतो. हे झालं कापड बेतणं. शिवण त्यानंतर. (हिंदीत याच अर्थाने ‘ब्योंतना’ आहे.) ‘सत्य घटनेवर बेतलेली कथा’ म्हणताना आपण हेच क्रियापद वापरतो. गिऱ्हाईक कॉलर कशी, खिसे किती ते सांगतं, तसंच इथेही ‘प्रीफिक्स’ देऊन प्रोग्राम कुठे बसवायचा, कुठली सोय हवी, कुठली नको, हे आपण सांगतो. काही न सांगितल्यास तो ‘यूएसआर-लोकल’ या फोल्डरमध्ये बसतो.

‘पण कापड कापलं जातं, कोड तर तसाच राहतो’ अशी शंका रास्त आहे. ‘कॉन्फिग.एच’मधल्या नोंदी म्हणजे खडूच्या खुणा समजा. कंपाइल होताना त्या बघूनच कोडाचे काही तुकडे घेतले जातात, काही गाळले जातात. कात्री चालते ती तेव्हा.

लिनक्स कर्नेलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ‘मेन्यूकॉन्फिग’ या निवड-यादीमध्ये मात्र मापापेक्षा निवडीचा भाग मोठा: हे कर्नेलमध्येच घ्या, हे मॉड्यूल म्हणून वेगळं ठेवा, हे नको. तिथेही ‘कर्नेल बेतून घेतला’ मला खटकत नाही.

नाम हवं असेल तर मी ‘विन्यास’ घेईन. केशविन्यासामुळे तो कानाला ओळखीचा आहे आणि मांडून झालेली स्थिती तो नेमकी दाखवतो. ‘जुळणी’ नको, ती सुटे भाग जोडण्यासाठी राहू द्या. कंपाइलला ‘संकलन’ म्हणू नये, त्याने चित्रपटाची कापाजोड आठवते. कंपाइल तसाच ठेवावा.

मग वाक्यं अशी होतील: ‘आधी कोड या मशीनला बेतून घे, मग मेक चालव.’ ‘लायब्ररी सापडली नाही, बेततानाच अडलं.’ ‘नवीन कंपाइलर टाकलास ना? मग पुन्हा बेत.’