बाससाठी पहिलं आमिष कोणतं घ्यावं?

न्यू जर्सीतल्या तळ्यांवर बास हा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडायला सुरुवात करताय, छान! दुकानातली रंगीबेरंगी पाकिटं बघून गोंधळू नका. पाच इंची स्टिक वर्म (काडीसारखा सरळ रबरी किडा) घ्या, सेन्को नावाने मिळतो तसा, ग्रीन पंपकिन (मातकट हिरव्या) रंगाचा. गढूळ पाण्यासाठी काळा-निळा नंतर घेता येईल.

या रबरी किड्यात मीठ भरपूर असतं. त्यामुळे वेगळं वजन न लावताही तो बुडतो आणि बुडताना त्याची दोन्ही टोकं हलकेच थरथरतात. लार्जमाउथ जातीच्या बासला भुलवायला एवढं पुरतं. गळ बरोबर मधोमध अडकवा. हीच वॅकी रिग (रिग म्हणजे आमिष गळाला लावायची पद्धत). पाणवनस्पती किंवा फांद्या असतील तिथे टेक्सास रिग करा: 3/0 मापाचा ऑफसेट (लाइन बांधायच्या डोळ्याजवळ वाकवलेला) गळ, त्याचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं.

वसंतात काठालगत टाका, उन्हाळ्यात सावलीत आणि गवताच्या कडेला, थंडीत खोल पाण्यात, अगदी सावकाश.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- आमिष पडलं की लगेच रीळ फिरवतात. तळाला टेकू द्या, थोडं थांबा, मग रॉडचं टोक जरासं उचला.
- लाइनकडे बघत नाहीत. मासा बरेचदा आमिष बुडतानाच घेतो. हाताला काहीच जाणवत नाही, लाइन मात्र गुपचूप बाजूला सरकते. सरकली की ढील गोळा करा आणि ओढा.
- फाटलेला किडा पाण्यात टाकतात. कृपया टाकू नका, तो माशांच्या पोटात जातो.

बाकीच्या रिग पुढच्या हंगामात बघू. राज्याचं फिशिंग लायसन्स मात्र आधी काढा.