प्रश्न वाचकांचे : बाळी झाली की घड?

गोडी छाटणीचे, म्हणजे फळासाठी करायच्या छाटणीचे, दिवस असल्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत द्राक्षबागेची पत्रे अधिक आहेत. बाकीची पत्रे नाशिक शहरातली असून त्यांतही झाडाला कसे कळते, ते कसे वळते आणि कोणत्या निरोपावर वाढते, हाच विषय आहे. म्हणून सारी उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : सप्टेंबरअखेर छाटणी केली. डोळे एकसारखे फुटले, पण पाच-सहा पानांची फूट झाली तरी निम्म्या काड्यांवर घडाच्या जागी बाळी (वेलीचा तणावा) दिसते आहे. काही ठिकाणी बाळीच्याच टोकाला चार-दोन कळ्या आहेत. शेजारी म्हणतात, पावसाने घड जिरले. हा दोष पावसाचा की आमचा?
*– एक बागायतदार, दिंडोरी तालुका*

उत्तर : बाळीच्या टोकाला कळ्या दिसल्या हे तुम्ही आवर्जून कळवलेत हे बरे झाले, कारण सारे उत्तर त्या चार-दोन कळ्यांतच आहे. वेलीच्या दृष्टीने बाळी आणि घड या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. दोन्हींची सुरुवात एकाच प्रकारच्या कोवळ्या अंकुरापासून होते आणि पुढे तो अंकुर कोणत्या वाटेला लागतो यावर त्याचे रूप ठरते. एखादी जोमदार फूट हातात घेऊन पेरे मोजत वर गेलात, तर पानाच्या समोरच्या बाजूला लागोपाठ दोन पेरांवर बाळी किंवा घड आणि तिसरे पेर मोकळे, हा क्रम बहुधा दिसेल. खालच्या पेरांवर जिथे घड असतो, त्याच जागी वरच्या पेरांवर बाळी असते. अर्धी वाट चालून थांबलेला अंकुर म्हणजे तुम्ही पाहिलेली कळ्या असलेली बाळी.

वाट ठरवण्यात दोन संजीवकांचा, म्हणजे वाढीचे निरोप देणाऱ्या वनस्पतींतल्या रसायनांचा, मोठा वाटा आहे. सायटोकायनिनचा प्रभाव असेल तर अंकुराला फांद्या फुटत जातात आणि घड तयार होतो. जिबरेलिनचा जोर असेल तर तोच अंकुर लांबत जाऊन बाळी होतो. याचा नेटका पुरावा 2002 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मांडला. पिनो म्युनिए या जातीपासून मिळालेली एक खुजी वेल त्यांनी तपासली. तिच्या पेशी जिबरेलिनचा निरोप नीट घेऊ शकत नव्हत्या, आणि त्या वेलीवर जिथे बाळी यायची तिथे घड लागत होते.

आता पावसाकडे येऊ. तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आज जे घड दिसायला हवे होते त्यांची पायाभरणी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, काडी तयार होत असताना डोळ्याच्या आत झालेली असते. त्या काळात मंडप दाट राहिला, डोळ्यांवर ऊन पडले नाही, नत्र आणि पाणी सढळ दिल्यामुळे फूट नुसती पळत सुटली, तर डोळ्यातला अंकुर अशक्त राहतो. असा अशक्त अंकुर गोडी छाटणीनंतर फुटताना ढगाळ हवा आणि साचलेले पाणी यांच्या तावडीत सापडला, की हातचा जातो. सायटोकायनिन मुख्यतः मुळांच्या टोकांशी तयार होते आणि पाण्यात बुडालेली मुळे ते पुरेसे पाठवू शकत नाहीत. इकडे फूट मात्र जोरात वाढत असते, म्हणजे तराजू बाळीच्या बाजूला झुकतो. यालाच आपण घड जिरला म्हणतो. सशक्त अंकुर तेवढाच पाऊस पचवतो. म्हणूनच एकाच पावसात एका बांधावरची बाग वाचते आणि दुसऱ्या बांधावरची जाते.

झालेली बाळी मागे फिरवून तिचा घड करणारे औषध कुणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. येत्या एप्रिलनंतर मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. वेळेवर विरळणी करून डोळ्यांपर्यंत ऊन पोचवावे, सबकेनसाठी, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटणाऱ्या दुय्यम काडीसाठी, शेंडा योग्य पानावर मारावा, बगलफुटी काढाव्यात, आणि ऑक्टोबरची कात्री चालवण्यापूर्वी काडी तपासणी करून कोणत्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच छाटणीचा डोळा ठरवावा. तपासणी न करता शेजाऱ्याने सातव्या डोळ्यावर छाटले म्हणून आपणही सातव्यावर छाटायचे, ही सवय अजूनही दिसते आणि ती महाग पडते.

फूट आवरण्यासाठी क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे सीसीसी, वापरले जाते. ते वेलीतले जिबरेलिन तयार होणेच रोखते, म्हणून तर्काने ते घडनिर्मितीला पोषक ठरते. पण ते वेलीत दीर्घकाळ टिकून राहते. 2010 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि निर्यातदारांचा माल अडकून पडला, ही आठवण जिल्ह्यात अजून ताजी आहे. निर्यातीची बाग असेल तर त्याचा विचार दहादा करावा.

प्रश्न : द्राक्षांना हार्मोन लावून फुगवतात असे ऐकले. घरात लहान मुली आहेत. अशी द्राक्षे द्यावीत का?
*– एक गृहिणी, गंगापूर रोड*

उत्तर : ऐकलेली गोष्ट खरी आहे, भीती मात्र चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीत बी धरते, पण कोवळेपणीच वाढायचे थांबते. मणी मोठा करण्याचा निरोप एरवी बियाच देतात आणि त्या निरोपात जिबरेलिन असते. बी नाही म्हणून निरोप नाही आणि निरोप नाही म्हणून मणी बारीक, असा हा प्रकार आहे. बागायतदार घड जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे जीएच्या, पातळ द्रावणात बुडवतात तेव्हा ते गैरहजर बियांचे काम बाहेरून करत असतात. प्रमाण किती पातळ, तर शुद्ध जीए 1 ग्रॅम 100 लिटर पाण्यात मिसळले की ते 10 पीपीएम, म्हणजे दशलक्षात दहा भाग, होते. आणि वापर दहा पीपीएमपासून त्याच्या काही पटींपर्यंतच असतो. ही पूड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवतात. पाणी अल्कधर्मी असेल तर तिचा परिणाम घटतो, म्हणून द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवतात.

माणसाच्या संप्रेरकांशी जिबरेलिनचे नाते नाही आणि त्याचा निरोप घेणारी यंत्रणा आपल्या शरीरात नाही. हार्मोन या एकाच शब्दामुळे दोन निराळ्या गोष्टी एका पिशवीत पडल्या आहेत. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली नीट धुवून अवश्य द्यावीत. धुण्याचे कारण जीए नसून बुरशी आणि किडीसाठी मारलेली औषधे हे आहे.

या जिबरेलिनचा शोध लागला तो भाताच्या एका रोगामुळे. जपानी शेतकऱ्यांच्या शेतात काही रोपे नुसती उंच वाढायची, पिवळी पडायची आणि आडवी व्हायची. जपानी भाषेत त्या रोगाला मूर्ख रोपाचा रोग अशा अर्थाचे नाव होते. 1926 मध्ये शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवले की रोपांना उंच करणारा पदार्थ हा रोग आणणाऱ्या बुरशीच्या द्रवातच आहे. पुढे 1935 मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिले. आजही बाजारातले जीए बुरशी वाढवूनच तयार करतात.

प्रश्न : गच्चीवर कारल्याचा वेल आहे. त्याचे तणावे दोरीला गुंडाळतात, पण पावसाचा थेंब पडल्यावर गुंडाळत नाहीत. फरक कसा कळतो?
*– महाविद्यालयीन विद्यार्थी, सिडको*

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि चार्ल्स डार्विननेही ते नोंदवून ठेवले होते. तणाव्याला नुसता दाब कळत नाही, घासण्यातला खरखरीतपणा कळतो. दोरीचा पृष्ठभाग त्याच्या त्वचेवर निरनिराळ्या बिंदूंवर कमीजास्त ताण देतो. पाण्याचा थेंब सगळीकडे सारखाच टेकतो. स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मंदावते, विरुद्ध बाजू लांबत राहते, आणि तणावा आपोआप दोरीभोवती वळतो.

पुढची गंमत तुमच्या गच्चीवर आजच पाहता येईल. टोकाने दोरी पकडल्यावर मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो. ती स्प्रिंग डोळ्यांजवळ धरून वेटोळी मोजा. अर्ध्या लांबीपर्यंत ती एका दिशेने गेलेली असतील, मध्ये लहानसा सरळ तुकडा येईल, आणि तिथून पुढे वेटोळी उलट दिशेने जातील. एक टोक वेलीला आणि दुसरे दोरीला बांधलेले असल्यामुळे एकाच दिशेने पीळ घालायला तणाव्याला वाव नसतो, म्हणून तो जितका उजवा पीळ घालतो तितकाच डावाही घालतो. वाऱ्यात वेल तुटत नाही तो या स्प्रिंगेमुळे.

प्रश्न : खिडकीतली तुळस बाहेरच झुकते. आणि मंजिऱ्या खुडल्या की ती भरते, असे आजी म्हणायच्या. यात तथ्य आहे का?
*– पंचवटी*

उत्तर : दोन्हींत आहे आणि दोन्हींत ऑक्झिन या संजीवकाचा हात आहे. उजेड एका बाजूने आला की शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन अंधाऱ्या बाजूला सरकते, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि रोप उजेडाकडे वाकते. कुंडी दर दोन-तीन दिवसांनी फिरवा. शेंडा शाबूत असेपर्यंत हेच ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शिवाय साखरेचा मोठा वाटाही शेंडाच ओढून घेतो. मंजिरी खुडली की दोन्ही बंधने सुटतात आणि बगलेतून फुटी येतात. आजींची नखे आणि बागायतदाराचे शेंडा मारणे यांत तत्त्वाचा फरक नाही.

प्रश्न : सहावीच्या वर्गात लाजाळूची कुंडी नेली. एका मुलीने विचारले, "बाई, हिला नसा असतात का?" मला उत्तर देता आले नाही.
*– एक शिक्षिका, नाशिकरोड*

उत्तर : नसा नसतात, पण विजेचा संदेश असतो, असे तिला सांगा. पर्णिकेला हात लावताच विद्युत्संदेश देठातून निघतो आणि सेकंदाला सुमारे दोन-तीन सेंटिमीटर वेगाने पुढे सरकतो. आपल्या नसांच्या मानाने हा वेग गोगलगायीचा आहे, म्हणूनच पर्णिका एकामागून एक मिटत जाताना डोळ्यांना दिसतात. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात. संदेश पोचला की खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जाते, पेशी ढिल्या पडतात आणि पान खाली येते. ही हालचाल वाढीची नव्हे, पाण्याच्या दाबाची आहे. त्यामुळे ती परतही फिरते. तुळशीचे वाकणे वाढीचे असल्यामुळे तसे चटकन परतत नाही.

विजेचे हे संदेश नाजूक उपकरणांनी मोजून दाखवणाऱ्यांत कोलकात्याचे जगदीशचंद्र बोस अग्रणी होते, हेही वर्गात सांगावे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी लाजाळूला ईथरच्या वाफेत ठेवले, तर ती स्पर्शाला जुमानेनाशी झाली आणि मोकळ्या हवेत आणल्यावर पुन्हा मिटू लागली. हा प्रयोग वर्गात करू नका, ईथर पेट घेते.

त्याऐवजी असे करा. एका पर्णिकेला बर्फाचा खडा टेकवा आणि घड्याळ लावून पाने पूर्ण उघडायला किती वेळ लागतो ते मुलांना वहीत लिहू द्या. साधारण दहा-वीस मिनिटे लागतील. मग तेच पान पुन्हापुन्हा हलकेच हलवत राहा. काही वेळाने ते मिटण्याचे थांबेल. ते दमले की त्याला सवय झाली, हे ओळखायचे असेल तर त्याच वेळी त्याला वेगळ्या प्रकारे डिवचून पाहा, म्हणजे हलवण्याऐवजी चिमटा लावा. त्याने ते मिटले तर ते दमलेले नव्हते.