धास्ती खुर्चीत मोज, खाटेवर नाही

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. रक्तदात्याची धास्ती हृदयाच्या ठोक्यांवरून मोजायची, हा तुझा विषय आवडला. पण सुई टोचल्यापासून पिशवी भरेपर्यंतच नोंद घेणार असं लिहिलंयस, तिथे मी अडलो. विद्यार्थी असताना मीही हेच केलं होतं. इथल्याच एका शिबिरात खाटेवरच्या दात्यांची नाडी मोजत सुटलो आणि वेग वाढला की वहीत ‘घाबरला’ लिहीत गेलो. अरे, 350 मिली रक्त अंगातून जातं, तेव्हा रक्तदाब सांभाळायला हृदय जरा जोरात चालणारच, भीती असो वा नसो. अख्खी वही फुकट गेली.

खरी नोंद खुर्चीतली. फॉर्म भरून, हिमोग्लोबिन तपासून माणूस नंबरची वाट बघत बसतो, ती वेळ. बोटावरचा थेंब सोडला तर रक्त गेलेलं नसतं, आणि समोर दुसऱ्याच्या हातात शिरणारी सुई दिसत असते. तिथे पाच मिनिटं घे; ठोक्यांमधल्या चढउताराच्या मोजणीसाठी 1996 मध्ये जी आंतरराष्ट्रीय मानकं ठरली, त्यांत छोट्या नोंदीला तेवढाच वेळ धरलाय. तुलनेसाठी त्याच माणसाला दुसऱ्या एखाद्या दिवशी, त्याच वेळी, तसंच खुर्चीत बसव. हे कंटाळवाणं आहे आणि निम्मे लोक येणार नाहीत. तरी कर.

नुसता वेग बघू नकोस. मिनिटाला 75 ठोके म्हणजे दोन ठोक्यांत सरासरी 800 मिलिसेकंद. पण निवांत माणसात ते अंतर झुलत असतं: समज 800, 850, 790, 840. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून येऊन हृदयाचा वेग आवरणाऱ्या नसेचा, लगाम असतो तो. धास्तीनं लगाम सैल पडला की 700, 705, 698, 702 अशी सरळ रांग लागते. शेजारच्या अंतरांमधले फरक काढ, वर्ग कर, सरासरी घे, वर्गमूळ काढ. पहिल्या रांगेचं उत्तर 53 च्या वर येतं, दुसरीचं साडेपाचच्या आत. एकदा हातानं कर, सॉफ्टवेअर मग उघड. एक ठोका जरी यंत्राकडून निसटला तरी हा आकडा भलताच फुगतो, हे हातानं केल्यावरच डोक्यात बसतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फक्त सरासरी दाखवतो, तो इथे कामाचा नाही. छातीचा पट्टा घे.

श्वासही मोज. कोणी मिनिटाला सहा वेळा संथ श्वास घेत असेल, तर त्याची लय 0.1 हर्ट्झवर येते आणि ठोक्यांचं झुलणं किती संथ वा जलद आहे हे दाखवणाऱ्या आलेखात ज्या भागावर लोक ‘ताण’ लिहून मोकळे होतात, नेमकी त्यातच पडते. म्हणजे जप करणाऱ्या आजोबांना तू घाबरट ठरवशील! बोलण्यानंही श्वास बिघडतो, आणि इंदुरात रांगेत गप्प बसणारा माणूस मिळणं कठीण. उपाशीपोटी रक्त देऊ नका असं आपणच सांगतो, त्यामुळे पोहे-जलेबी आणि चहा पोटात असतोच. त्यानंही ठोके बदलतात, म्हणून कधी खाल्लं ते विचारून ठेव.

लांबलचक प्रश्नावली रांगेत कोणी भरत नाही. ‘आत्ता किती भीती वाटतेय, शून्य ते दहा?’ एवढंच विचार. उत्तर शून्य आणि ठोके सरळ रांगेत, असे दाते भेटतील. ढोल-ताशा पथकातली पोरं हमखास. त्यांना टाकू नकोस, वेगळी खूण कर.

यंत्राचा पडदा मात्र दात्याला दिसू देऊ नकोस. ‘तुमची धास्ती जास्त आहे’ हे सुईच्या आधी ऐकून धास्ती वाढेलच. त्यापेक्षा अर्धा लिटर पाणी पाज, पाय-मांड्यांचे स्नायू आवळायला शिकव. चक्कर टाळायला दोन्ही उपयोगी. आणि चक्कर येताना नाडी आधी वाढून मग एकदम कोसळते, म्हणून खाटेजवळ यंत्रापेक्षा चेहऱ्याकडे बघ.

रविवारी रामबागेत शिबिर आहे. मी पासष्टी ओलांडली, माझं रक्त आता कोणी घेत नाही; पण पट्टा नीट बसतो का ते बघायला पहिली छाती माझी. आकडा मात्र तरुणांच्या यादीत घालू नकोस, वयानं हे झुलणं आपोआप कमी होतं.

तुझा,
काका