ढिगाऱ्याच्या आदल्या दिवशी

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले फोटो काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. बांगलादेशातली कपड्यांच्या कारखान्यांची ती कोसळलेली इमारत, राणा प्लाझा, तिचा ढिगारा तू बुटांच्या खोक्यात बसवलायस. एकावर एक बसलेले स्लॅब, वाकड्या सळ्या, मधे चेपलेलं रंगीत कापड. हात चांगलाच आहे तुझा. सळ्यांवरचा गंज इतका खरा वाटला की मी फोटो मोठा करून बघत बसले, आणि मग माझीच मला लाज वाटली. 1,134 माणसं गेली त्या इमारतीत, आणि मी गंजाचं कौतुक करत होते.

आपल्या या छोट्या प्रतिकृतींच्या कामातला हा सगळ्यात मोठा धोका. लहान आकार दिसला की माणूस विरघळतो, बाहुलीचं घर आठवतं, तोंडून ‘किती गोड!’ निघून जातं. पण ताकदही त्या आकारातच आहे. मोठ्या चित्रासमोर आपण दोन पावलं मागे सरकतो; छोट्या कामासमोर वाकतो, श्वास धरतो. इतक्या जवळ आलेल्या डोळ्यांना काय दिसावं, ते तू ठरवायचं आहेस.

कर्टिस सँटियागो या कलाकाराने अंगठीच्या डब्यांत प्रसंग उभे केले. त्यातल्या एका डबीत अमेरिकेतल्या फर्ग्युसनचा कृष्णवर्णीय मुलगा मायकल ब्राउन आहे. 9 ऑगस्ट 2014 ला पोलिसाच्या गोळीने मेलेला, अठरा वर्षांचा, निःशस्त्र. त्याचा देह सुमारे चार तास रस्त्यावरच पडून होता. अंगठीची डबी आपण कोणत्या अपेक्षेने उघडतो ते आठव, म्हणजे झाकण वर करणाऱ्या हाताचं काय होत असेल ते कळेल. डबी सोयीची म्हणून घेतलेली नाही, ती बोलते. तुझ्या बुटांच्या खोक्याबद्दल हेच विचारते: ते का? हाताशी होतं म्हणून घेतलं असशील तर बदल.

इस्साम कुर्बाज हा सीरियातून आलेला कलाकार सायकलच्या जुन्या मडगार्डांच्या होड्या करतो आणि त्यांत जळलेल्या काड्या खेटून उभ्या करतो. चेहरा नाही, हातपाय नाहीत. तरी समुद्र ओलांडणारी माणसं ओळखायला क्षणही लागत नाही. या होड्या आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. देह दाखवायलाच हवा असं नसतं, हे मी त्या काड्यांकडून शिकले.

आता फ्रान्सिस ग्लेसनर ली. या बाईंबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी अजूनही अडले की त्यांच्याकडेच जाते. 1940 च्या दशकात अमेरिकेत त्यांनी संशयास्पद मृत्यूंच्या खोल्या तयार केल्या, एका फुटाला एक इंच या मापाने. पोलिसांनी घटनास्थळ कसं वाचावं हे शिकवायला. खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या, पण नावं बदललेल्या. बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. मेलेल्या माणसाच्या कातडीचा रंगसुद्धा मृत्यूच्या कारणाप्रमाणे दिला. आणि त्या खोल्या बहुतेक साध्या, गरीब माणसांच्या. मेलेल्यांत कितीतरी बायका, आपल्याच घरात मेलेल्या. ज्यांच्या मरणाकडे कुणी नीट पाहिलंच नसतं, त्यांच्या मोज्याची वीणसुद्धा चुकू द्यायची नाही! इतका आदर मला फार थोड्या कामांत दिसलाय.

हे मी स्वतः चुकूनच शिकले. खूप वर्षांपूर्वी एका जळालेल्या घराची खोली केली होती. दाराशी चपलांचा जोड ठेवला, छान जुळवून. ज्याचं घर, त्याची बहीण बघायला आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याच्या चपला अशा कधीच नसायच्या. एक इथे, एक पलंगाखाली.” मी तिला काही विचारलंच नव्हतं. वर्तमानपत्रांवरून सगळं केलं होतं. त्याच रात्री एक चप्पल काढून पलंगाखाली सरकवली. मोहम्मद हाफेज याचं काम याच कारणासाठी बघ: निर्वासित कुटुंबांनी मागे टाकलेल्या खोल्या त्याने सूटकेसमध्ये बांधल्या, आणि सोबत त्या त्या माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज ठेवला. आधी ऐकणं, मग बांधणं. नातेवाईक नको म्हणाले तर काम थांबव. कितीही पुढे गेलेलं असलं तरी.

तर तुझा ढिगारा. माझं म्हणणं, तू एक दिवस मागे जा.

24 एप्रिल 2013 ला इमारत पडली. पण भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. 23 तारखेला इमारत रिकामी केली. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र परत बोलावलं, पगार कापायची धमकी देऊन. सकाळी वीज गेली, वरची जनरेटर सुरू झाली, आणि नऊ वाजायच्या आत आठ मजले खाली आले. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते, आणि मुळात ती इमारत दुकानं-ऑफिसांसाठी बांधलेली, यंत्रांसाठी नव्हे.

ढिगारा बघून वाटतं, अपघात झाला. भेग दिसली की कळतं, हे माहीत होतं. म्हणून 23 तारखेची संध्याकाळ कर. शिलाई मशिनची एक रांग, रिकामी स्टुलं, भिंतीत चीर. माणूस एकही नको. रक्त तर नकोच.

कामाचं थोडं. चीर सुरीने कोरू नकोस, ती काढलेल्या रेघेसारखीच दिसते. प्लास्टरचा पातळ पत्रा ओत, वाळल्यावर कडेने दाबून मोड आणि मागून कापड चिकटवून जोड. भेग आपली आपण जाते तिकडे जाऊ दे. दोन-चार पत्रे वाया जातील. शिवणाचा दोरा या मापात दोरखंडासारखा दिसतो, त्याचा पीळ सोडून एकच तंतू घे. कापड कितीही पातळ असलं तरी लहान आकारात ताठ राहतं. झिजलेलं मलमल ओलं कर, पातळ गोंदात बुडव आणि बोटांनी चुण्या पाड. आणि पिवळा दिवा मुळीच नको. पिवळा उजेड सगळ्याची आठवण करून टाकतो. ट्यूबचा पांढरा, थंड उजेड ठेव. फोटोत शेजारी नाणं ठेवून आकार दाखवायची सवयही सोड. नजर लगेच कारागिरीवर जाते.

विकायचं की नाही, हे तू विचारलंयस. काम आधी होऊ दे.

एका मशिनवर अर्धवट शिवलेली बाही असू दे. सुई वर उचललेली दाखवू नकोस. कापडात रुतलेलीच ठेव, टाका अर्धा राहिल्यासारखी.

तुझी,
ताई