जामीन राहिलेल्या मावशीचं पत्र

बाळा,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला, एवढा लांब मेसेज मला आजवर फक्त आमच्या पाळकांनी पाठवलाय. दोन ओळीत रिप्लाय टाकायचा म्हणून बसले पण ते काही जमलं नाही, म्हणून हे पत्र. चष्म्याचा नंबर वाढलाय, टायपिंगच्या चुका पोटात घाल.

तू दोन गोष्टी विचारल्या. मोठ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या बाबांच्या मोठ्या भावानं, दरवर्षी नांगरताना धुरा, म्हणजे वावराचा बांध, वीतभर वीतभर सरकवत तुमचं अर्धा एकर वावर गिळलं, तुझे बाबा त्याच घोरात गेले, आता मोठे बाबा दवाखान्यात भरती आहेत आणि आई म्हणते जाऊन ये, माफ करून टाक, तर माफ करणं म्हणजे "झालं ते बरोबरच झालं" असं म्हणणं नाही का. हा पहिला. आणि दुसरा तू रागात लिहिला हे कळलं मला, की ज्या देवाला माफ करायला आधी स्वतःच्या पोराचं रक्त लागतं त्याच्याकडून माफी काय शिकायची.

असं आम्ही आमच्या लहानपणी विचारलं असतं तर थोबाडीत बसली असती. मला मात्र तुझा प्रश्न आवडला. पण उत्तर द्यायच्या आधी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, ती तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही.

१९९८ साली दवाखान्यात माझ्यासोबत नर्सची ड्युटी करणाऱ्या एका सिस्टरनं एका पतसंस्थेतून ५०,००० रुपये उचलले. पगारदार जामीनदार पाहिजे होता, तिनं मला विचारलं, मी सही केली. क्वार्टर शेजारी शेजारी, एका भांड्यातलं विरजण दोघी वापरायचो, मग नाही कसं म्हणणार. सात-आठ महिन्यांनी तिची बदली झाली आणि हप्ते थांबले. मग एक दिवस पगारपत्रक हातात आलं तर कपातीच्या रकान्यात नवीनच आकडा, १,४५०. मी क्लार्कला म्हटलं काहून बाप्पा हे, चुकून कापले का. तो म्हणाला सिस्टर तुम्ही जामीन आहात ना. तेव्हा कळलं की जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते, १८७२ चा कायदा आहे, पतसंस्थेला आधी तिच्या मागे लागायचीही गरज नाही, ते सरळ माझ्या पगारावर येऊ शकतात. ३६ हप्ते गेले. एकूण ५२,२००. त्या वर्षांत पोराला सायकल घेतली नाही, घरात गोडं तेल मोजून वापरलं आणि दर महिन्याला तो आकडा बघून माझ्या तोंडून जे निघायचं ते मी इथे लिहीत नाही.

आता बघ. तिनं काही केलं नाही, मी काही केलं नाही, तर ते कर्ज हवेत विरलं का? नाही ना. कोणीतरी भरलंच. मला येशूचा क्रूस तिथे समजला, चर्चमध्ये नाही, पगारपत्रकावर.

आपल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना काढून वाच, आपण पाठ असल्यामुळे ऐकतच नाही ती. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." पाप नाही म्हटलं तिथे, ऋण म्हटलं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला यापेक्षा वेगळं समजावून सांगायची गरज नाही, कर्ज म्हणजे काय अन् ते माणसाचं काय करतं हे मी नाइट ड्युटीला अ‍ॅट्रोपिनच्या अँपुल, म्हणजे विषावरच्या औषधाच्या बाटल्या, फोडता फोडता पाहिलंय. फवारणीचं औषध पिऊन आलेला एक जण शुद्धीवर आला तर पहिला शब्द पाणी नाही, बायकोचं नाव नाही, "सोसायटीवाल्याले सांगू नका" हा होता.

२००८ ची कर्जमाफी तुला आठवणार नाही. पाच एकरापर्यंतवाल्यांचं थकीत बँक कर्ज पूर्ण माफ, त्याच्या वरच्यांना २५ टक्के सूट तीही बाकीचे भरले तर. आपल्याकडे कोरडवाहू, वावर सात-आठ एकर आणि कापूस दोन गाड्याही नाही, त्यामुळे आपल्याकडचे लय लोक त्या रेषेच्या बाहेर राहिले, आणि सावकाराचं तर त्यात नव्हतंच. पण ज्यांचं माफ झालं त्यांचंही "माफ" म्हणजे काय झालं? बँकेला सरकारी तिजोरीतून पैसे गेले. सातबारावरचा बोजा उतरला कारण दुसरीकडे कुठेतरी तो चढला. फुकटची माफी मी आयुष्यात पाहिली नाही. आपली भाषाही तेच म्हणते बघ, चुका "पोटात घालणं". पोटात घातल्या म्हणजे कोणाच्या तरी पोटात दुखणारच.

म्हणून तुझा दुसरा प्रश्न मी आधी घेते. गावाबाहेर मरीआईला बोकड देतात तेव्हा माणूस देवाला देतो. आपल्या जुन्या करारातही बोकड आहेत, गोऱ्हे आहेत, सगळं आहे, पण त्याच जुन्या करारात होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की मला यज्ञ नको, दया पाहिजे. आणि मग शुभ शुक्रवारी जे होतं त्यात दिशाच उलटी आहे, इथे देणारा देव आहे. तू लिहिलंस की बापानं पोराला मारलं. तसं वाचलं तर मलाही तो देव नको. पण योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो की माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो. आणि आपला विश्वास असा की तो देवापासून वेगळा कोणी तिसरा धरून आणलेला नव्हता, ज्याचं देणं होतं तोच भरायला बसला. इब्री लोकांस पत्र आहे ना, त्याच्या सातव्या अध्यायात येशूला काय म्हटलंय माहिती? चांगल्या कराराचा "जामीन". मी ते वाचून पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. (नीतिसूत्रात मात्र जामीन राहू नको असं पुन्हा पुन्हा सांगितलंय, ते मी सही करायच्या आधी वाचायला पाहिजे होतं.)

रक्ताच्या भुकेची गोष्ट नाही रे ती. सही करून पळून न गेलेल्याची आहे.

आता मोठ्या बाबांचं.

येशूचा शिष्य पेत्र यानं विचारलं होतं, किती वेळा माफ करू, सात वेळा का, आणि येशू म्हणाला साताच्या सत्तर वेळा, आणि लगेच एका चाकराची गोष्ट सांगितली ज्याला राजानं १०,००० तालांत सोडले आणि तो बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उपदेशात नेहमी म्हणतात की बघा, केवढं मोठं कर्ज माफ झालं आणि हा क्षुल्लक १०० दिनारांसाठी भांडला. मला हे पटत नाही. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. आपल्याकडे निंदणाचा रोज ३०० धर, तर १०० दिनार म्हणजे ३०,००० रुपये झाले. क्षुल्लक आहे का हे, ३०,००० मध्ये घरात किराणा येतो, बियाणं येतं. येशू असं म्हणतच नाही की तुझं नुकसान खोटं आहे. खरं आहे, पावती करता येईल इतकं खरं. फक्त ते राजाच्या आकड्याशेजारी ठेव म्हणतो. एक तालांत म्हणजे जवळपास ६,००० दिनार, म्हणजे १०,००० तालांत झाले सहा कोटी रोज. ३०० च्या हिशेबानं १,८०० कोटी. एवढं कोणी फेडत नाही आणि तो वेडा राजाला म्हणतो मला थोडी मुदत द्या, मी सगळं फेडतो. तेवढ्यावर मला दर वेळी हसू येतं, आपलीच माणसं आठवतात.

म्हणून माफ करणं म्हणजे "बरोबर झालं" म्हणणं नाही, उलट आहे. बरोबर झालेल्या गोष्टीला माफी लागतच नाही. आधी आकडा लिहायचा, अर्धा एकर, इतकी वर्षं, बाबांची झोप, सगळं लिही. मग तो आकडा त्या माणसाच्या अंगातून वसूल करायचा हट्ट सोडायचा.

वावराच्या मोजणीचा अर्ज मात्र मागे घेऊ नको. हे आईला आवडणार नाही पण सांग तिला मावशी म्हणाली. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय माफ झाला त्याच दिवशी उभा राहून म्हणाला की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो, येशूनं त्याला "राहू दे, राहू दे" नाही म्हटलं. भूमी अभिलेखवाले येऊ दे, मोजू दे, खुणा गाडू दे. धुरा जागेवर येणं हा न्याय आहे. तुझ्या पोटातला तो रोजचा जाळ हा वेगळा हिशेब आहे, तो मोजणीनं मिटत नाही, मी लोकांना कोर्टातून जिंकून आल्यावरही जळताना पाहिलंय.

तू म्हणशील मावशी, तुम्ही तरी माफ केलं का. सांगते. २००४ मध्ये दारव्ह्याच्या स्टँडवर ती दिसली, एकटी बसून शेंगदाणे खात होती. मला बघून तिनं तोंड भिंतीकडे केलं. माझी यवतमाळची गाडी लागलेली होती, मी ती सोडली, का सोडली देव जाणे, आणि तिच्या बाजूला जाऊन बसले. तुला वाटेल आता ती रडली असेल, पाया पडली असेल. काही नाही. तिनं वीस मिनिटं मला कारणं सांगितली, नवरा असा, दीर तसा, आणि मध्येच म्हणे तुम्हाला काय, तुमचा पगार होता. माझा हात शिवशिवला खरं सांगते. मी एवढंच म्हटलं की माझ्याकडून ते संपलं. तिनं शेंगदाण्याचा पुडा पुढे केला. मी घेतले दोन-चार. खवट होते. पैसे आजपर्यंत आले नाहीत.

आणि ते तिथे संपलं असंही नाही. मध्ये पेन्शनच्या कागदांसाठी जुनी पगारपत्रकं काढली तर १,४५० दिसले आणि तोच जाळ परत वर आला, जसाच्या तसा, तेव्हा पुन्हा सोडावं लागलं. साताच्या सत्तर वेळा म्हणजे चारशे नव्वद वेगवेगळे अपराध असं मी समजायचे, आता वाटतं एकच अपराध तेवढ्या वेळा सोडावा लागतो.

माझं तर फक्त पैशाचं होतं. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात रानी मारिया नावाच्या सिस्टर, म्हणजे नन, आदिवासींना बचत शिकवायच्या, सावकाराच्या तावडीतून सोडवायच्या, म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ ला बसच्या प्रवासात त्यांना चाकूनं भोसकून मारलं. मारणारा समुंदर सिंग. त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि त्या माणसाला राखी बांधून आली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, २००६ ला तो सुटला. हे मी तुला लाजवायला सांगत नाहीये. राखी सात वर्षांनी बांधली गेली हे बघ म्हणून सांगते. तुझ्या बाबांना जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत.

आशेचं तू काही विचारलं नाहीस, पण मेसेजच्या शेवटी "आता काही चांगलं होईल असं वाटत नाही" असं सहज लिहून गेलास, मला सगळ्यात जास्त ते खटकलं. त्याच इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की आशा ही जिवासाठी नांगर आहे. लहानपणी मला वाटायचं नांगर म्हणजे आपला नांगर, बैलाचा, दुसरा कोणता असतो. भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेलो तेव्हा भाऊच्या धक्क्यावर बोटीचा गंजलेला लोखंडी नांगर पाहिला आणि लाजच वाटली, एवढी वर्षं चुकीचं समजून बसलो. चूक माझीच, लिहिणाऱ्याच्या मनात बोटच होती. पण खरं सांगू, आपल्याकडे समुद्र कुठाय, मला अजून तोच पहिला नांगर दिसतो. एप्रिल-मे महिना, पारा त्रेचाळीसवर, आभाळात ढगाचा ठिपका नाही, ढेकळं दगडासारखी, आणि तुझे बाबा वावर नांगरतायत. कशाच्या जोरावर? मिरग येईल म्हणून.

आपण दर ईस्टरला पहाटे चार वाजता दफनभूमीत जातो ना, पेटी-तबला घेऊन, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत, मेणबत्ती वाऱ्यानं विझते आणि परत पेटवतो. उपासना थडग्यांच्या मध्ये उभं राहून का करायची, चर्चमध्ये पंखे आहेत की. तर पौलानं सरळ लिहिलंय की ख्रिस्त मेलेल्यातून उठला नसेल तर आपला विश्वास फोल आहे, आणि ते जिथे खोटं ठरू शकतं तिथेच उभं राहून म्हणायचं असतं. आणि उठल्यावर त्यानं थोमा या शिष्याला हात दाखवले तर खिळ्यांच्या खुणा होत्याच. बुजवल्या नव्हत्या. मला यातून एवढंच कळतं की बाबांचं जे झालं ते पुसून टाकायला तुला कोणी सांगत नाहीये, देवसुद्धा नाही.

तर दवाखान्यात जायचं की नाही ते तू ठरव. गेलास तर "मी तुम्हाला माफ केलं" असं भाषण देऊ नको, सलाइन लावलेल्या माणसाला ते बोलणं म्हणजे एक प्रकारची वसुलीच असते. काही लागतं का विचार, मोठ्या आईला खाली चहा प्यायला पाठव आणि तेवढा वेळ तिच्या स्टुलावर बस. बोलणं झालं तर झालं. पाच मिनिटात उठावंसं वाटलं तर ऊठ, पुढच्या आठवड्यात परत पाच मिनिटं.

मी सोमवारी त्याच बाजूला येतेय डोळे दाखवायला, सकाळच्या गाडीनं. ज्वारीच्या भाकरी अन् आलू-वांग्याची भाजी करून आणते, तीन माणसांची. स्टँडवर घ्यायला ये, नाही जमलं तर मी ऑटोनं जाईन. आणि मोजणीची फी भरल्याची पावती जपून ठेव, झेरॉक्स काढून आईजवळही दे एक.

तुझी मावशी